बंडखोरीचा इतिहास शिकून पोट भरेल का?

प्रश्न : मी इतिहासात बीए करते आहे. पुढे बंडखोरीविरोधी युद्धांचा अभ्यास करायचा आहे. बाबा म्हणतात, ड्रोनच्या जमान्यात जुन्या लढायांचे धडे कोणाला हवेत? इतिहास सोडून संरक्षणशास्त्र घेऊ का?

उत्तर : इतिहास सोडू नकोस. बाबांची शंका रास्त आहे, पण इराकमध्ये हात पोळल्यावर अमेरिकी लष्कराने 2006 मध्ये बंडखोरीविरोधी लढ्याची नवी नियमपुस्तिका काढली, तेव्हा त्यांनाही मलाया (आजच्या मलेशियाचा भाग), अल्जेरिया आणि व्हिएतनाम इथल्या जुन्या लढायांचे धडे पुन्हा उकरावे लागले.

खरी गोम पुढे आहे. मलायात कम्युनिस्ट बंडखोरांशी लढताना 1950 पासून ब्रिटिशांनी जंगलाकडेच्या सुमारे 5 लाख लोकांना, त्यात बहुतेक चिनी वंशाचे, कुंपण घातलेल्या वस्त्यांत हलवलं. बंडखोरांची रसद तोडायची म्हणून काही भागांत दुकानदार डबाबंद अन्न विकताना डब्याला भोक पाडून देत. साठवून जंगलात पोचवायची सोयच उरली नाही. हाच प्रयोग 1962 मध्ये दक्षिण व्हिएतनाममध्ये झाला. सल्ला द्यायला मलायात काम केलेले रॉबर्ट थॉम्पसन होते, तरी दोन वर्षांत सगळं बारगळलं. मलायातल्या त्या लोकांकडे मुळात जमिनीचा हक्क नव्हता. व्हिएतनामी शेतकऱ्याला मात्र वाडवडिलांच्या थडग्यांची जमीन सोडावी लागली. त्यात सरकारची घाई. हा फरक आधी हेरू शकेल असा माणूस इतिहासातूनच तयार होतो, असं माझं मत आहे.

आणि ‘लोकांची मनं जिंकली’ या ब्रिटिश बढाईवर फार भाळू नकोस. केनियात ब्रिटिश राजवटीविरुद्ध झालेल्या माऊ माऊ बंडाच्या काळातल्या दडवलेल्या फायली 2011 मध्ये एका खटल्यामुळे बाहेर आल्या. 2013 मध्ये ब्रिटिश सरकारला तेव्हा छळ झालेल्या 5,228 केनियन लोकांना भरपाई मान्य करावी लागली.

आता व्यवहाराचं. एमएसाठी लंडनच्या किंग्ज कॉलेजात युद्धांच्या अभ्यासाचा (वॉर स्टडीज) स्वतंत्र विभाग आहे. त्याआधी एक भाषा पक्की कर. अल्जेरियासाठी फ्रेंच लागेल, पश्चिम आशियासाठी अरबी. संशोधन संस्था, सैनिकी अकादम्यांतलं अध्यापन, युद्धग्रस्त भागात काम करणाऱ्या मदतसंस्था, पत्रकारिता, इथे कामं मिळतात. जागा मोजक्याच असतात आणि पीएचडीपर्यंत हातात फारसं काही पडत नाही, हे बाबांना आत्ताच सांगून टाक.

बीए संपायच्या आत मलाया आणि व्हिएतनामच्या त्या वस्त्यांची तुलना करणारा निबंध मूळ कागदपत्रं वाचून लिही. प्रवेश अर्जासोबत लेखनाचा नमुना मागतात, तिथे तोच जोडता येईल.