आजीच्या डायरीत 'दमले' कुठेच नाही

"आजी आठ जणांचं करायची, मला तिघांचं घर झेपत नाही." मी समुपदेशक, आणि हे वाक्य समोरच्या खुर्चीतून इतक्या वेळा ऐकलंय की शेवटी लिहायला बसले. त्यातल्या एकीची गोष्ट सांगते, तिला विचारूनच, आणि ओळख पटेल असं सगळं बदललंय.

वय चौतीस, घर भांडुपला, नोकरी लोअर परळला, म्हणजे गिरण्या होत्या तिथेच आता काचेच्या बिल्डिंगमध्ये. आजोबा त्याच भागात गिरणीत होते, आजी लालबागच्या चाळीत. कपाट आवरताना आजीची 1973 ची डायरी हाती लागली आणि हिची झोपच उडाली. रोज रात्री एक पान वाचायचं आणि आपला दिवस त्याच्याशेजारी ठेवून बघायचा, आणि मग तासभर नुसतं पडून राहायचं.

पहिल्याच भेटीत तिने मोबाईलमधला फोटो वाचून दाखवला. "पाणी 4 ला. ह्यांची रातपाळी. रेशनला परत लाल मिलो (परदेशातून आलेली ज्वारी), भाकरी तुटते. रॉकेल नाही. दुपारी लाटणं घेऊन मोर्चाला. पोरं समोरच्या काकींकडे जेवली."

"बघा ना मॅडम, एवढा दुष्काळ, एवढी महागाई, तरी ही बाई मोर्चाला जाते. आणि मी मशीनमधले कपडे वाळत घालायचे राहिले म्हणून रडते."

महागाईविरुद्ध तेव्हा मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर या नेत्यांसोबत मुंबईतल्या बायका थाळ्या-लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या होत्या, त्यातली एक हिची आजी, ऐकतानाच मला भरून आलं. पण मी वेगळंच विचारलं.

"आजी दमायची का गं?"

"तसं कुठेच लिहिलेलं नाहीये."

"मग तूही कालचा दिवस तसाच लिहून आण. काय झालं तेवढंच. 'साधं', 'नीट', 'नुसतं' असले शब्द एकही नको."

पुढच्या वेळी कागद आला. "5.40 ला उठले. दोन डबे. 8.04 ची स्लो, करी रोडपर्यंत उभी. तीन मीटिंग. सासूबाईंचे रिपोर्ट आणले. मुलाचं गणित. कपडे राहिले." वाचता वाचता ती शेवटच्या दोन शब्दांपाशी अडली. बराच वेळ काही बोलली नाही, मीही बोलले नाही. मग हळूच म्हणाली, "मॅडम, 'कपडे राहिले' हे आजीच्या 'रॉकेल नाही'सारखंच आहे ना?"

या क्षणासाठीच मी हे काम करते. आजी 'रॉकेल नाही' लिहिते आणि पुढच्या ओळीवर जाते, त्यावरून आपण कशी बाई आहोत हे ठरवत बसत नाही, निदान कागदावर तरी नाही. आणि नात? ती आजीचं पान वाचते पण स्वतःचं मात्र डोकं वाचते, ही तुलना बरोबरीची होणार कशी! मी अल्बर्ट एलिस या मानसशास्त्रज्ञाच्या विवेकनिष्ठ वाटेने, म्हणजे मनातले अवास्तव हट्ट तपासून बघत, काम करणारी, त्यामुळे मला यात तो जुना 'च' लगेच दिसतो. मला जमलंच पाहिजे, हसतच जमलं पाहिजे. पण तो 'च' मी दाखवण्यापेक्षा तिचा तिला दिसला, हे जास्त मोलाचं.

म्हणून घरात अशी वही असेल तर जरूर वाचा, पण आपलं पानही त्याच भाषेत लिहा आणि मगच दोन्ही शेजारी ठेवा. दुसरं, कामं मोजताना माणसंही मोजा. मोर्चाच्या दिवशी पोरांना जेवायला घालणारी काकी त्याच ओळीत बसलीय, तिला सोडून आजी एकटीच कशी उभी करता? आणि आजी दमत नव्हती असं तर समजूच नका, ती बहुतेक हिशोबाची वही होती, रडायची नव्हती. या मुलीने आत्याला फोन करून विचारलं, तर आत्या म्हणाली, आई मोरीतून तोंड धुऊन यायची तेव्हा पुष्कळदा डोळे लाल असायचे.

ते ऐकून ती माझ्याकडे येऊन खूप रडली, या वेळी आजीसाठी.

परवा तिचं नवीन पान पाहिलं. मंगळवार. "ऑफिसला उशीर. भाजी केली नाही. पोरगं समोरच्या फ्लॅटमध्ये जेवलं."