पिस्को मुरवत नाहीत, मग ती कच्ची दारू म्हणायची का?

तुम्ही विचारलंय की ब्रँडी म्हटली की ती लाकडी पिपात मुरलेली, तांबूस. मग पिस्को, म्हणजे पेरू देशाची द्राक्षांची ब्रँडी, पाण्यासारखी पांढरी कशी, आणि न मुरवल्यामुळे ती हलक्या प्रतीची ठरते का?

अजिबात नाही. कामानिमित्त मी दोन वर्षं पेरूच्या राजधानीत, लिमात होतो, तेव्हा माझाही हाच समज होता. तो इकाला जाऊन मोडला. लिमाच्या दक्षिणेला साधारण 300 किलोमीटरवर, वाळवंटात नदीच्या आधाराने पिकणारा हा द्राक्षांचा मुलूख.

ब्रँडीचा तांबूस रंग मुळात द्राक्षाचा नसतो, लाकडाचा असतो. भट्टीतून कुठलीही दारू पांढरीच उतरते. पेरूच्या नियमानुसार पिस्कोला लाकूड लागूच द्यायचं नाही. काच किंवा स्टीलसारख्या, चवीत काही न मिसळणाऱ्या भांड्यात किमान 3 महिने ती निवांत ठेवायची, बस. पूर्वी यासाठी मातीचे रांजण असत.

दुसरा नियम मला त्याहून कडक वाटतो: पाणी घालायचं नाही. इतर बऱ्याच दारू जास्त जोराच्या गाळतात आणि मग पाण्याने हव्या त्या टक्क्यावर आणतात. पिस्को एकदाच गाळायची आणि तिचा जोर 38 ते 48 टक्क्यांत बसला पाहिजे, तोही फक्त धार कधी धरायची आणि कधी तोडायची यावर. आपल्याकडे ‘पहिल्या धारेची’ म्हणून कौतुक करतात. तिथे पहिली धार वेगळी काढून टाकतात, कारण तिच्यात उग्र, अपायकारक द्रव्यं असतात. तिला ‘काबेसा’ म्हणजे डोकं म्हणतात, शेवटच्या मिळमिळीत धारेला ‘कोला’ म्हणजे शेपूट. ठेवायचं ते मधलं अंग. हात चुकला तर झाकायला ना लाकूड, ना पाणी. म्हणून मला ही मुरवलेल्या ब्रँडीपेक्षा अवघड कला वाटते.

आणखी एक गैरसमज: ही ग्रापा या इटालियन दारूसारखी द्राक्षाच्या चोथ्यापासून करत नाहीत. द्राक्षाचा रस आंबवून झालेली ताजी वाइन गाळतात.

आता स्वभाव. पेरूत 8 जातींच्या द्राक्षांना परवानगी आहे आणि सगळी गंमत तिथेच आहे. केब्रांता ही तिथलीच जात. नाकाला फारसं काही सांगत नाही, पण तोंडात भरदार लागते. मला पिकलेलं केळं आणि वाळलेलं गवत आठवतं. इतालिया याच्या अगदी उलट. पेला जवळ आणण्याआधीच मोगऱ्यासारखा, लिंबाच्या सालीसारखा वास येतो, आणि वासावरून गोड वाटलेली दारू जिभेवर कोरडी निघते. तोरोंतेलमध्ये संत्र्याच्या फुलांचा वास असतो. जाती एकत्र केल्या की ‘आचोलादो’. रसातली साखर पुरती आंबायच्या आतच गाळली तर ‘मोस्तो वेर्दे’. तिला द्राक्षं कितीतरी जास्त लागतात, म्हणून ती महाग. पण घशाखाली रेशमासारखी उतरते.

इकातल्या एका छोट्या भट्टीवर मालकाने बाटली जोरात हलवून उजेडात धरली होती. आत बुडबुड्यांची दोरी फिरते आणि वर त्यांचं फूल जमतं. यावरून पिस्को शुद्ध आहे का ते जुनी माणसं ओळखतात.

चिलीतही पिस्को होते. तिथे पाणी घालायला आणि लाकडात मुरवायला मुभा आहे, त्यामुळे तांबूस पिस्को दिसली तर ती चिलीची समजा. नावावरून दोन्ही देशांचं भांडण जुनं आहे आणि ते भारतातही आलं: 2025 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने पेरूची भौगोलिक मानांकनाची (जीआय) नोंदणी नुसत्या ‘पिस्को’ नव्हे, तर ‘पेरुव्हियन पिस्को’ या नावाने ठेवायला सांगितलं.

पहिल्यांदा घ्याल तर इतालिया घ्या, लहान पेल्यात, बर्फ न घालता, आणि घाई न करता आधी नुसता वास घ्या. पिस्को सावर हे कॉकटेल करायचं असेल तर केब्रांता बरी: 3 भाग पिस्को, 1 भाग लिंबाचा रस, 1 भाग साखरेचा पाक, थोडा अंड्याचा पांढरा बलक, वरून बिटर्सचे, म्हणजे कडवट मसालेदार अर्काचे, दोन थेंब. लिंबू मोठं पिवळं घेऊ नका. पेरूत वापरतात ते लहान, पातळ सालीचं लिंबू म्हणजे आपलं कागदी लिंबूच.