वाचक विचारतात : नव्वद दिवसांचा दाखला आणि भलत्याच खात्यात गेलेले पैसे

प्रश्न : मी गवंडीकाम करतो. ठरलेला ठेकेदार नाही. सकाळी नाक्यावर उभं राहायचं आणि जो नेईल त्याच्याकडे जायचं. बांधकाम कामगार मंडळात नाव घालायला नव्वद दिवसांचा दाखला लागतो, तो कुणी देत नाही. एक एजंट तीन हजारांत ‘सगळं करून देतो’ म्हणतो. काय करावं?

उत्तर : एजंटाला आधी नाही म्हणा. महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाच्या नोंदणीची फी एक रुपया आहे. एजंट ज्या ठेकेदाराचा शिक्का मारून आणतो तो चौकशीत सापडला नाही, तर नोंदणी रद्द होते तुमची, आणि अर्जावर सहीही तुमचीच असते.

अट नीट वाचा. वय १८ ते ६० आणि मागच्या बारा महिन्यांत ९० दिवस बांधकामाचं काम. हे दिवस सलग असायला हवेत किंवा एकाच मालकाकडचे हवेत, असं नाही. दाखला ठेकेदार देऊ शकतो, तसाच ग्रामीण भागात ग्रामसेवक (पदनाम आता ग्रामपंचायत अधिकारी झालं आहे) आणि शहरात नगरपालिका-महापालिकेचा अधिकृत अधिकारीही देऊ शकतो. नाक्यावरच्या माणसासाठी हाच मार्ग बरा. पण अधिकारी सही करायला कचरतात, आणि त्यांचंही चूक नाही. तुम्ही कुठे काम केलंत हे त्यांना दिसतच नाही.

म्हणून आजपासून दहा रुपयांची वही खिशात ठेवा. रोज एक ओळ : तारीख, साइटचा पत्ता, काम (प्लास्टर, वीटकाम, स्लॅब), मुकादमाचं नाव व मोबाइल, मिळालेली मजुरी. जमलं तर आठवड्यातून एकदा मुकादमाची सही. अशी वही पुढ्यात ठेवली की बोलणं बदलतं.

अर्ज परत येतो तो बहुधा बारीकसारीक कारणांनी. दाखल्यावर ‘पासून–पर्यंत’ तारखा नसतात. जावक क्रमांक घालायचा राहतो. शिक्का पुसट असतो, किंवा मोबाइलवर फोटो काढताना कागदाची खालची कड, म्हणजे नेमकी सहीच, कापली जाते. आणखी एक : दाखला घेऊन चार महिने घरात ठेवला, तर सुरुवातीचे दिवस बारा महिन्यांच्या बाहेर जातात आणि ९० चे ६० उरतात. दाखला हातात आला की त्याच आठवड्यात अर्ज भरा.

नूतनीकरण दरवर्षी असतं आणि त्यालाही नव्याने ९० दिवस दाखवावे लागतात. खरी गळती इथेच होते. मुलांच्या शिक्षणाची मदत (पहिली ते सातवी वर्षाला २,५०० रुपये, आठवी ते दहावी ५,००० रुपये, दोन मुलांपर्यंत, ७५ टक्के हजेरी असल्यास) मागायला जावं, तर कार्डाची मुदत संपलेली असते. बायको त्याच साइटवर घमेली उचलत असेल, तर तिची नोंदणी तिच्या नावाने वेगळी करा. तीही बांधकाम कामगारच आहे, ‘मदतनीस’ नव्हे.

प्रश्न : पहिल्या बाळंतपणात मातृवंदना योजनेचा अर्ज मंजूर झाला. अंगणवाडीताई म्हणतात पैसे गेले, माझ्या पासबुकात काहीच नाही. बँकेत आधार लिंक आहे.

उत्तर : ‘लिंक’ आणि ‘सीडिंग’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि सगळा गोंधळ तिथेच आहे. बँकेने आपल्या नोंदीत तुमचा आधार क्रमांक घातला म्हणजे लिंक झालं. सरकारी पैसा मात्र एनपीसीआयच्या (बँकांमधले पैशांचे व्यवहार जोडणारी देशपातळीवरची संस्था) यादीप्रमाणे जातो. त्या यादीत आधारासमोर बँकेची नोंद होणं म्हणजे सीडिंग. त्या यादीत एका आधारासमोर एकाच वेळी एकच बँक असते, आणि जिथे शेवटची संमती दिली ती बँक टिकते. सिमकार्ड घेताना किंवा दुकानात अंगठा देऊन नकळत उघडलेलं खातं असतं, पैसे बहुधा तिथे जाऊन बसतात.

माय आधार संकेतस्थळावर ओटीपी टाकून ‘बँक सीडिंग स्टेटस’ पाहा. तिथे बँकेचं नाव दिसतं. भलतंच नाव निघालं तरी घाबरू नका, पैसे बुडालेले नाहीत. आधार घेऊन त्या बँकेत जा आणि काढून घ्या. मग हव्या त्या बँकेत आधार सीडिंगचा संमती अर्ज भरा, आधीच्या बँकेकडून बदल करायचा आहे हे त्यात लिहा आणि पोच घ्या. काही दिवसांनी स्टेटस पुन्हा पाहा. काउंटरवरचं ‘झालं’ पुरेसं धरू नका.

खातं केवायसी (ओळख-पत्त्याची पडताळणी) अपुरं असलेलं ‘छोटं खातं’ असेल, तर त्यात ५०,००० रुपयांहून अधिक शिल्लक ठेवता येत नाही. पूर्ण केवायसी करून घ्या.

प्रश्न : मुलगी वीस वर्षांची, बारावी नापास, घरीच शिवणकाम करते. खासगी क्लासची फी झेपत नाही.

उत्तर : जिल्ह्यातल्या आरसेटीत, म्हणजे बँकेने चालवलेल्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थेत चौकशी करा. प्रशिक्षण मोफत, राहण्या-जेवण्यासह. वय अठरा पूर्ण हवं. प्रशिक्षणानंतर दोन वर्षं पाठपुरावा करणं संस्थेचं काम आहे, तो मागून घ्या. कर्ज मात्र आपोआप मिळत नाही. बँक प्रस्ताव पाहते, जुनी थकबाकीही पाहते.

ती आधीपासून शिवणकामावर कमावत असेल, तर पीएम विश्वकर्मा योजनाही आहे : प्रशिक्षणात दिवसाला ५०० रुपये आणि साधनांसाठी १५,००० रुपयांपर्यंतचं ई-व्हाउचर. पण हा लाभ एका कुटुंबात एकालाच, आणि कुटुंब म्हणजे नवरा, बायको व अविवाहित मुलं. वडील गवंडी असतील तर तेही याच योजनेत बसतात. कुणाच्या नावाने घ्यायचा हे घरात आधी ठरवा. एकदा नोंद झाली की दुसऱ्याचा रस्ता बंद. आमच्या मते जिची कमाई अजून वाढायची आहे तिला द्यावा.

प्रश्न : ऊसतोडीला सहा महिने बाहेर असतो. म्हातारे आईवडील गावी. रेशन कुठे घ्यायचं?

उत्तर : दोन्हीकडे. रेशनकार्ड ‘प्राधान्य कुटुंब’ गटातलं असेल, तर माणशी ५ किलो धान्य मिळतं. तुमच्या वाट्याचं धान्य कारखान्याजवळच्या रेशन दुकानात कार्डाचा १२ अंकी क्रमांक किंवा आधार सांगून, अंगठा देऊन घेता येतं. उरलेलं आईवडील गावी घेतील. पूर्ण कोटा एकाच दुकानात उचलावा लागत नाही. ‘मला एवढेच किलो द्या’ हे अंगठा लावण्याआधी सांगा आणि पावतीवरचा आकडा वाचून घ्या. ई-केवायसी, म्हणजे आधारावरून ओळखीची पडताळणी, मात्र घरातल्या सगळ्यांची हवी. ती कुठल्याही रेशन दुकानात होते, गावी परतण्याची गरज नाही.

प्रश्न : उत्पन्नाच्या दाखल्याला महिना झाला, ‘साहेब नाहीत’ एवढंच ऐकतो.

उत्तर : टोकन क्रमांकाची पावती आहे ना? मग २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याखाली, दाखला देण्याची ठरलेली मुदत संपल्यापासून ३० दिवसांच्या आत पहिलं अपील करा. कसूर ठरल्यास अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. पावतीच नसेल तर आज नव्याने अर्ज करा, कारण तोंडी विचारण्याची मुदत कुठेच मोजली जात नाही.