हिवाळ्यात उत्तरेत दुर्मिळ पक्षी: शोधायचा कुठे आणि नोंद पक्की कशी करायची

तुमचे प्रश्न दोन आहेत. जानेवारीत पाँग (हिमाचल), हरिके (पंजाब), भरतपूर आणि ताल छापर (राजस्थान) अशी फेरी करताना दुर्मिळ पक्षी नेमके कुठे आणि कसे शोधायचे, आणि मागच्या वर्षीची ईबर्डवरची (पक्षीनोंदींचं संकेतस्थळ) ‘बेअर्स पोचार्ड’ या बदकाची नोंद मान्य का झाली नाही. दोन्हींचं उत्तर एकाच ठिकाणी आहे. नेहमीचा पक्षी किती तऱ्हांनी दिसू शकतो हे डोळ्यांत बसलेलं असेल तर हजारांच्या थव्यातला वेगळा पक्षी आपोआप खटकतो, आणि तो का खटकला हे लिहूनही दाखवता येतं.

आधी वेळेचं बोलू. डिसेंबरअखेर ते जानेवारी मध्यापर्यंत पंजाब, हरियाणा आणि भरतपूरच्या पट्ट्यात दाट धुकं असतं. पुष्कळदा दहा-अकरापर्यंत काही दिसत नाही, आणि धुक्यात आकाराचा अंदाज हमखास चुकतो. त्यामुळे धुकं पूर्ण उठेपर्यंत आकारावरून काहीही ठरवू नका. तारखा हलवता येत असतील तर जानेवारीचा शेवट ते फेब्रुवारी मध्य हा काळ जास्त चांगला. पक्षी अजून असतात, उजेड स्वच्छ असतो आणि नर बदकं पूर्ण रंगात आलेली असतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये बरेच नर अजून मादीसारख्या पिसाऱ्यात असतात. त्या दिवसांतल्या ‘वेगळ्या’ बदकांवर फार विश्वास ठेवू नये. ऊन चढलं की पाण्यावरून आणि माळावरून हवा थरथरू लागते, तेव्हा दूरच्या पक्ष्यासाठी स्कोपचं (तिपाईवरच्या एकनळी दुर्बिणीचं) मॅग्निफिकेशन वाढवून काही उपयोग नसतो. उलट ते 25-30 पट इतकं कमी करा आणि सूर्य पाठीशी घ्या.

पाँगला (महाराणा प्रताप सागर) नगरोटा सूरियांच्या बाजूला पाणी ओसरून उघड्या पडलेल्या गवतावर बार-हेडेड गूज (डोक्यावर काळे पट्टे असलेले हंस) हजारोंनी चरत असतात. इथे शोधायचा तो दुर्मिळ हंस म्हणजे लेसर व्हाइट-फ्रंटेड गूज. थव्यावरून दुर्बीण नुसती फिरवू नका. एका टोकापासून सुरू करून एकेक डोकं बघत जा. बार-हेडेडच्या गर्दीत तपकिरी डोक्याचा पक्षी दिसला की तो बहुतेक वेळा ग्रेलॅग गूज असतो. आपल्याकडे येणाऱ्या ग्रेलॅगची चोच गुलाबीच असते, म्हणून ‘गुलाबी चोच’ एवढ्यावर काही ठरत नाही. काही ग्रेलॅगच्या चोचीच्या बुडाशी पांढरी कडही असते. लेसरची चोच आखूड आणि छोटी, कपाळ उभं, कपाळावरचा पांढरा पट्टा डोळ्याच्या वर माथ्यापर्यंत चढलेला, डोळ्याभोवती ठळक पिवळं कडं, आणि मिटलेल्या पंखांची टोकं शेपटीच्या पुढे आलेली. अंगाने तो शेजारच्या बार-हेडेडपेक्षा स्पष्ट लहान दिसतो. पहिल्या हिवाळ्यातल्या तरुण पक्ष्याला कपाळावरचा पांढरा पट्टा नसतो आणि पोटावरच्या काळ्या रेघाही नसतात, तिथे चोचीचा आकार आणि डोळ्याचं कडं यांवरच भिस्त. त्याच्या मोठ्या भावंडाला, ग्रेटर व्हाइट-फ्रंटेडलाही कधी कधी बारीक पिवळसर कडं असतं, म्हणून फक्त कड्यावर निकाल देऊ नका. आणखी एक: लोहयुक्त पाण्यात चरणाऱ्या हंस-बदकांची डोकी गंजासारखी नारिंगी होतात. तो पिसाऱ्याचा रंग नाही.

आता तुमची बेअर्स पोचार्ड. ही प्रजाती ‘क्रिटिकली एन्डेंजर्ड’ (नामशेष होण्याच्या उंबरठ्यावर) आहे, त्यामुळे ईबर्डच्या नोंदी तपासणारे समीक्षक कडक असणारच, आणि असायलाच हवेत. नोंदीत तुम्ही ‘गडद डोकं, बगलेला पांढरं’ एवढंच लिहिलं आहे. हे दोन्ही आपल्या नेहमीच्या फेरुजिनस डकमध्येही दिसू शकतं. फेरुजिनस पिसं साफ करायला कुशीवर कलला की पोटाचं पांढरं बगलेवर आल्यासारखं वाटतं, आणि आडव्या उन्हात त्याचं तांबूस डोकं काळपट दिसतं. बेअर्समध्ये पांढरं बगलेच्या पुढच्या भागात, पक्षी स्वस्थ तरंगत असतानाही पाण्याच्या रेषेच्या वर दिसतं. नराच्या डोक्यावर हिरवी झाक असते. डोकं मोठं आणि गोलसर, तर फेरुजिनसचा माथा मध्यभागी टोकदार उठलेला. बेअर्सची चोच आणि अंग दोन्ही थोडं लांबट. मादीच्या चोचीच्या बुडाशी तांबूस-तपकिरी डाग असतो. त्यात या दोघांचे संकरही होतात, म्हणून एकाच लक्षणावर नाव देणं धोक्याचं. तुमच्या फोटोत पक्षी कललेला आहे आणि डोकं सावलीत आहे. अशा वेळी ‘बेअर्स/फेरुजिनस’ असा जोडपर्याय निवडणं हीच प्रामाणिक नोंद. त्यात कमीपणा काहीच नाही.

बाकी बदकांत दोन ठिकाणी गफलत जास्त होते. फाल्केटेड डकची मादी गॅडवॉलमध्ये मिसळून असते. तिची चोच पूर्ण काळसर असते, तर गॅडवॉल मादीच्या चोचीच्या कडा नारिंगी. पंख उघडला तर गॅडवॉलचा पांढरा चौकोन लगेच दिसतो. बैकल टीलच्या मादीला चोचीच्या बुडाशी गोल पांढरा ठिपका असतो, पण कॉमन टीलच्या काही माद्यांनाही तिथे फिकट डाग असतो. ठिपक्याला गडद किनार आहे का ते पाहा.

ताल छापर आणि आसपासच्या नांगरलेल्या शेतांत सोशिएबल लॅपविंग. ही टिटवी पाण्याकाठी शोधू नका, कोरड्या उघड्या जमिनीवर शोधा. गडद टोपी, रुंद फिकट भुवया ज्या मानेमागे एकमेकींना मिळतात, आणि काळे पाय. घोटाळा होतो तो यलो-वॅटल्ड लॅपविंगच्या तरुण पक्ष्याशी, कारण त्यालाही तपकिरी टोपी असते आणि गालाची पिवळी लोंबी अजून छोटी असते. त्याचे पाय पिवळे असतात, पण ओल्या शेतात चिखलाने माखलेले पिवळे पाय शंभर पावलांवरून काळेच दिसतात. म्हणून पक्षी उडण्याची वाट पाहा (उडवू नका, त्या थंडीत उगाच खर्च झालेली ताकद त्याला भरून काढावी लागते). उडताना सोशिएबलच्या पंखाचा मागचा आतला भाग पूर्ण पांढरा दिसतो, यलो-वॅटल्डच्या पंखावर फक्त पांढरा पट्टा असतो. शेपटीवर काळा पट्टा दोघांनाही असतो. व्हाइट-टेल्ड लॅपविंगची शेपटी मात्र अख्खी पांढरी आणि लांब पाय पिवळे.

बिकानेरच्या जोडबीडला बहुतेक लोक गिधाडांत आणि गरुडांत रमतात आणि झाडांवरचे यलो-आइड पिजन राहून जातात. साध्या पारव्याशी तुलना करा: डोळा पिवळा, पंखावरच्या काळ्या पट्ट्या आखूड आणि तुटक, पाठीचा खालचा भाग फिकट. तिथल्या गरुडांसाठी एकच खूण सांगतो. स्टेप ईगलच्या तोंडाची पिवळी रेघ डोळ्याच्या मागच्या कडेपर्यंत जाते, टॉनी ईगलची डोळ्याच्या मध्यावर थांबते. त्यासाठी चेहरा बाजूने आणि चोच बंद असताना टिपा.

भरतपूरला दूरवर मोठा पांढरा पक्षी दिसला की सायबेरियन क्रेनची आठवण होतेच. 2001-02 च्या हिवाळ्यात तिथे शेवटची जोडी आली होती. आज तसं काही वाटलं तर आधी स्पूनबिल आणि मोठा बगळा वगळा.

फोटोचा क्रम असा ठेवा. लांबूनच आधी एक पुराव्याचा फोटो, मग थोडं जवळ जाऊन बाजूचा, मग शेजारच्या पक्ष्यासोबतचा, आणि जमल्यास पंख उघडलेला. पांढऱ्या पिसांचा तपशील जळू नये म्हणून एक्स्पोजर -0.7 च्या आसपास. शार्पनिंग आणि रंगबदल करू नका. फक्त क्रॉप केलेला फोटो चालतो, मूळ फाइल मात्र जपून ठेवा. पुस्तक किंवा मर्लिन (पक्षी ओळखण्याचं अ‍ॅप) उघडण्याआधी वहीत लिहा: अंतर, उजेडाची दिशा, सोबतचे पक्षी, चोच, डोळा, पाय, पंख आणि काय दिसलं *नाही* तेही. नाव एकदा मनात बसलं की स्मृती पक्ष्याला त्या नावाप्रमाणे दुरुस्त करत जाते, म्हणून हा क्रम महत्त्वाचा.

ईबर्डवर दुर्मिळ पक्ष्यासाठी अख्ख्या दिवसाची लांब यादी न करता त्या जागेची वेगळी छोटी यादी करा, म्हणजे ठिकाण नेमकं राहतं. टिप्पणीत ‘नक्की तोच होता, गाइडने सांगितलं’ असं लिहून काही साधत नाही. कोणता मिळताजुळता पक्षी कशावरून वगळला ते लिहा. नोंद मान्य झाली नाही तरी ती तुमच्या वैयक्तिक यादीत राहते, फक्त सार्वजनिक नकाशात येत नाही. समीक्षक स्वयंसेवक असतात. त्यांच्या प्रश्नाला मूळ फोटो पाठवून उत्तर दिलं की बऱ्याच नोंदी मार्गी लागतात.

थव्यात मानेला कॉलर किंवा पायाला रंगीत कडं दिसलं तर रंग, अक्षरं-आकडे, कोणता पाय, कडं गुडघ्यासारख्या दिसणाऱ्या सांध्याच्या वर की खाली, हे सगळं टिपा आणि बीएनएचएसला (बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी) कळवा. अक्षरं अर्धवट वाचता आली तरी कळवा. बार-हेडेडच्या मानेवरच्या कॉलरी पक्षी चरताना वाकतो तेव्हा झाकल्या जातात; मान वर करेपर्यंत दुर्बीण त्याच्यावरून हलवू नका.