हार्ड बॉप या जॅझच्या प्रकारातला असा कुठला पियानिस्ट आहे का ज्याचा एक हात नीट चालत नव्हता?

हो, होरेस पार्लन. १९३१ चा जन्म, अमेरिकेतलं पिट्सबर्ग. लहानपणीच पोलिओ झाला आणि उजव्या हाताची काही बोटं कायमची अधू झाली, पियानो लावला तोही व्यायाम म्हणूनच. आता पियानोत सहसा उजवा हात मेलडी वाजवतो आणि डावा खाली साथ देतो, पण याने कामाची वाटणीच बदलली, डावा हात जास्त भार उचलायचा आणि उजवा चालत्या बोटांनी छोटे छोटे, ठसक्यात मारलेले तुकडे टाकायचा, पुन्हा पुन्हा तेच फिरवत, त्यामुळे त्याचा आवाज लगेच ओळखू येतो. मला तर वेगात पळणाऱ्या पियानिस्टपेक्षा हेच जास्त आवडतं, ब्लूज आणि चर्चच्या गाण्यांचा वास आहे त्याला.

१९५७ ते ५९ बासवादक चार्ल्स मिंगसच्या बँडमध्ये होता, त्यांच्या 'मिंगस आह उम' या अल्बमवर पियानो बराचसा त्याचाच. मग ब्लू नोट या रेकॉर्ड कंपनीसाठी स्वतःचे अल्बम केले, पुढे सॅक्सोफोनवाल्या रोलंड कर्कबरोबर वाजवलं. पण नंतर अमेरिकेत रॉकची चलती आणि जॅझवाल्यांना कामं कमी, मग १९७३ ला कोपनहेगनला गेला तो डेन्मार्कचाच झाला, २०१७ मध्ये तिथेच वारला.

ऐकायचं असेल तर आधी १९६० चं 'अस थ्री' लावा, फक्त पियानो, बास, ड्रम्स. आणि रात्री निवांत असाल तर सॅक्सोफोनवाल्या आर्ची शेपबरोबरचं १९७७ चं 'गोइन होम'.