खगोलशास्त्र, ज्योतिष आणि अंतराळविज्ञान

प्रश्न असा आला आहे : खगोलशास्त्र म्हणजे ग्रहताऱ्यांचं निरीक्षण एवढंच का? आणि त्याऐवजी ज्योतिषशास्त्र, खगोलभौतिकी, अंतराळविज्ञान यांपैकी कुठलाही शब्द वापरला तर चालतो का?

'ख' म्हणजे आकाश ('खग' मधला 'ख' हाच). खगोल म्हणजे आपल्याभोवती भासणारा आकाशाचा गोल. त्यावर कोणता ग्रह कुठे आहे, ग्रहण कधी लागेल, हे गणिताने सांगणं हेच या शास्त्राचं शतकानुशतकं मुख्य काम होतं. तारे कशाचे बनले आहेत, हे कळायला वाटच नव्हती. ओग्युस्त कोंत या फ्रेंच तत्त्वज्ञाने तर १८३५ मध्ये लिहून ठेवलं, की ताऱ्यांची रासायनिक घडण माणसाला कधीच कळणार नाही. पुढच्या पंचवीस वर्षांत किरखोफ आणि बुन्सेन या जर्मन शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं, की वर्णपटातल्या (प्रकाश रंगांत विभागला की दिसणाऱ्या पट्ट्यातल्या) रेषांवरून मूलद्रव्यं ओळखता येतात. १८६८ मध्ये सूर्याच्या प्रकाशात एक अनोळखी पिवळी रेषा सापडली. ती हेलियमची होती. पृथ्वीवर हा वायू वेगळा काढता आला तो थेट १८९५ मध्ये! खगोलभौतिकी, म्हणजे ताऱ्यांची घडण आणि गुणधर्म यांचा अभ्यास, उभी राहिली ती या वर्णपटांच्या अभ्यासातून. ती खगोलशास्त्राची शाखा असली, तरी आज दोघांमध्ये रेघ ओढणं कठीण आहे.

म्हणून माझ्या मते व्याख्या अशी करावी : पृथ्वीच्या वातावरणापलीकडच्या वस्तू, तिथल्या घडामोडी आणि एकूण विश्व यांचं शास्त्र. निरीक्षण हे त्याचं साधन, तेही केवळ डोळ्यांनी किंवा दुर्बिणीतून होणारं नव्हे. रेडिओलहरी, न्यूट्रिनो (अतिसूक्ष्म कण) आणि २०१५ पासून गुरुत्वीय लहरी (अवकाशातच उठणारे तरंग) सुद्धा त्यात आल्या. सीमेवरचं उदाहरण उल्केचं. ती पेटते आपल्याच वातावरणात, पण तो कण सूर्यमालेतून आलेला असतो. म्हणून ती खगोलशास्त्राकडे जाते, वीज मात्र हवामानशास्त्राकडे.

अंतराळविज्ञान हा शब्द सैल वापरला जातो. अग्निबाण, उपग्रह, यानाची कक्षा बदलणं हे अंतराळ तंत्रज्ञान. त्याच यानाने दूरच्या ताऱ्याचा वर्णपट घेतला, तर त्याचा अभ्यास खगोलशास्त्राचा.

ज्योतिषाबद्दल जरा सांभाळून बोललं पाहिजे. जुन्या परंपरेत ज्योतिषाचे गणित (सिद्धांत), संहिता (शकुन वगैरे) आणि होरा (जन्मपत्रिकेवरून भविष्य) असे तीन स्कंध, म्हणजे विभाग, मानत. शं. बा. दीक्षितांचा १८९६ चा 'भारतीय ज्योतिषशास्त्र' हा ग्रंथ प्रामुख्याने गणिताचा, म्हणजे आपण ज्याला खगोलशास्त्र म्हणतो त्याचा इतिहास आहे. नाव पाहून तो भविष्याचा समजू नये. नंतर मात्र बोलीत 'ज्योतिष' म्हणजे पत्रिका आणि भविष्य, हाच अर्थ पक्का झाला. त्यामुळे आजच्या लेखनात विज्ञानासाठी 'खगोलशास्त्र' आणि भविष्यकथनासाठी 'फलज्योतिष' असंच लिहावं. फलज्योतिषाला विज्ञानाचा आधार नाही, तेव्हा खगोलशास्त्रज्ञाला 'ज्योतिषी' म्हणणं सरळ चूक आहे.