अपास्त: छेद नको, चिन्ह बघा

प्रश्न: अकरावीची मुलं अपास्ताच्या (हायपरबोला, दोन शाखांचा वक्र) क्ष²/अ² − य²/ब² = १ या समीकरणात मोठ्या छेदालाच अ² धरतात. आकृती काढायला सांगितली की पाठीला पाठ लावून दोन अन्वस्तं (पॅराबोला) काढतात. सूत्रं मात्र तोंडपाठ. काय करावं?
– एक शिक्षिका, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर: पहिली चूक विवृत्ताच्या (लंबवर्तुळ, एलिप्स) धड्यातून येते. तिथे मोठा छेद म्हणजे अ² ही सवय लागलेली असते. अपास्तात धन पदाखालचा छेद तो अ², लहान असो वा मोठा. म्हणून पहिलं उदाहरणच क्ष²/९ − य²/१६ = १ घ्या. इथे अ = ३, ब = ४, आणि केंद्रापासून नाभीचं (फोकस) अंतर क धरलं तर क² = ९ + १६, म्हणजे क = ५. इथे बेरीज आहे, वजाबाकी नाही, हेही तिथेच ठसवा.

मग सूत्र बाजूला ठेवून कंपास काढायला लावा. कोऱ्या ए-फोर कागदाच्या मध्यावर १० सें.मी. (२क) अंतरावर दोन नाभी घ्या. एका नाभीतून २, ३, ४, ६ सें.मी. त्रिज्येचे कंस, दुसरीतून प्रत्येकाचा जोडीदार ६ ने मोठा (नाभींपासूनच्या दोन अंतरांतला फरक कायम २अ): ८, ९, १०, १२. छेदनबिंदू जोडले की एक शाखा मिळते, नाभींची अदलाबदल केली की दुसरी. २ आणि ८ ची वर्तुळं फक्त टेकतात, तोच शिरोबिंदू. कुणीतरी १ आणि ७ घेईलच, घेऊ द्या. वर्तुळं भेटतच नाहीत, आणि दोन शाखांमध्ये मोकळी जागा का, हे न सांगता कळतं.

अन्वस्ताचा भ्रम अनंतस्पर्शींनी (वक्र ज्यांच्या जवळ जात राहतो पण टेकत नाही अशा रेषा) जातो. क्ष = ±३, य = ±४ असा आयत आखून कर्ण लांबवा, त्याच या रेषा; वक्र नंतर. क्ष = ६ ला रेषा ८ वर, वक्र ६.९३ वर; क्ष = ३० ला ४० आणि ३९.८०. अन्वस्ताला अशी रेषाच नसते.

वर्गात दाखवायला शिवाजी उद्यमनगरातून चॅम्फर मारलेला (कडा तिरकी कापलेला) षटकोनी नट आणा. चॅम्फर हा शंकूचा भाग, नटाची सपाट बाजू त्याच्या अक्षाला समांतर. म्हणून प्रत्येक बाजूवरची कमान अपास्ताची. चॅम्फर नटाच्या वरच्या सपाट तोंडाशी ३० अंशांचा असेल तर उत्केंद्रता (क/अ) बरोबर २. टोक काढलेल्या षटकोनी पेन्सिलीच्या रंगाची नागमोडी कडही अपास्तच, पण तिथे शंकू निमुळता, त्यामुळे उत्केंद्रता १ च्या किंचित वर, आणि अन्वस्ताची तर १ च. मुलांना ती अन्वस्त वाटली तर रागावू नका.